खोडवा म्हणजे उरलेसुरले नव्हे

काही वर्षांपूर्वी उसाच्या पट्ट्यातील एका हायस्कुलात घडलेला हा प्रसंग आहे. नववीच्या चाचणीत प्रश्न होता: ‘बहुवर्षायू वनस्पतींची दोन उदाहरणे कारणासह लिहा.’ एका मुलाने पहिले उदाहरण आंब्याचे दिले आणि दुसरे उसाचे. उसापुढे त्याने कारण लिहिले होते, ‘ऊस तोडला तरी मरत नाही. त्याचा खोडवा येतो, आणि खोडव्यानंतर निडवाही येतो.’ गुरुजींनी ‘खोडवा’ आणि ‘निडवा’ या दोन्ही शब्दांखाली लाल रेघ ओढली, समासात ‘बोली शब्द, शास्त्रीय कारण द्या’ असा शेरा मारला आणि अर्धा गुण कापला.

त्या गुरुजींना दोष द्यावा म्हणून हा प्रसंग सांगितला नाही. वर्गात साठ मुले, तपासायला पेपरांचा गठ्ठा, आणि पुस्तकात जे छापले असेल तेच शास्त्रीय अशी आपणा सर्वांच्याच अंगवळणी पडलेली समजूत. परंतु तो पेपर पाहिल्यापासून एक गोष्ट मनात घर करून राहिली आहे. त्या मुलाचे उत्तर बरोबर तर होतेच. पण पेपरात त्याहून अधिक शास्त्रीय कारण दुसऱ्या कोणी लिहिले असेल असे मला वाटत नाही. ‘खोडवा’ हा शब्द गावठी नाही. तो वनस्पतिशास्त्रातील एक नेमकी घटना सांगणारा पारिभाषिक शब्द आहे. मात्र याच शब्दाच्या वापरात एक गैरसमजही दडलेला आहे, आणि तो शेतकऱ्याला महागात पडतो. या दोन्ही गोष्टी आज तुमच्यापुढे मांडावयाच्या आहेत.

शब्दाचा नेमका अर्थ

उसाच्या शेतीत लावणीचे तीन हंगाम आहेत हे तुमच्यापैकी अनेकांना घरूनच ठाऊक असेल. जुलै-ऑगस्टमध्ये होते ती आडसाली लावण, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पूर्वहंगामी आणि डिसेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत सुरू. यांपैकी कोणत्याही लावणीचा ऊस तोडला, की जमिनीत त्याचा बुडखा राहतो. या बुडख्यावरचे डोळे फुटून जे नवे पीक उभे राहते ते खोडवा. खोडव्याचा ऊस तोडल्यावर त्याच बुडख्यांपासून पुन्हा जे पीक घेतात तो निडवा. लावण, खोडवा, निडवा असा हा क्रम आहे.

इथे चार शब्द नीट वेगळे ठेवले पाहिजेत. बुडखा हा वनस्पतीचा जमिनीत राहिलेला अवयव. डोळा म्हणजे कांड्यावरची सुप्त कळी. फुटवा म्हणजे त्या डोळ्यापासून निघालेला नवा कोंब. आणि खोडवा हे संपूर्ण पिकाचे नाव. ‘खोडवा फुटला’ असे आपण बोलताना म्हणतो खरे, पण फुटतो तो डोळा. खोडवा ‘येतो’ किंवा ‘ठेवला’ जातो. शेतकरी ‘खोडवा ठेवला’ असे म्हणतो, ‘लावला’ असे कधीच म्हणत नाही. क्रियापदाच्या या निवडीतही केवढी काटेकोर जाण आहे पाहा!

आता एक पाऊल पुढे जाऊ. एकाच लावणीपासून पुन्हा पीक घेण्याची रीत फक्त उसातच आहे असे नाही. जळगावकडे केळीची बाग एकदा निघाली की पुढच्या बागेला पिलबाग म्हणतात. विदर्भात कापसाची वेचणी संपल्यावर झाडे न उपटता पाणी देऊन पुन्हा जो कापूस घेतात त्याला फरदड म्हणतात. इंग्रजीत या तिन्हींना मिळून ‘रॅटून’ हा एकच शब्द चालतो. मराठीत मात्र तीन शब्द आहेत. ही निव्वळ प्रदेशाप्रदेशातील बोलीची तफावत आहे काय?

तिन्ही ठिकाणी झाडात काय घडते ते पाहिले म्हणजे उत्तर सापडते. केळीचा जो उंच खांब आपल्याला दिसतो तो खरे खोडच नव्हे. पानांच्या तळाकडची आवरणे एकमेकांवर गुंडाळून तो तयार होतो. एकदा घड दिला की त्याचे आयुष्य संपते. खरे खोड जमिनीखाली कंदाच्या रूपात असते आणि त्या कंदाला फुटलेले पिल पुढची पिढी चालवते. म्हणून पिलबाग. कापसात झाड जमिनीलगत तोडलेलेच नसते. तेच झाड, त्याच फांद्या, फक्त आयुष्य लांबवलेले. ती फरदड. उसात वरचे खोड पूर्ण तुटते आणि जमिनीत राहिलेल्या खोडाच्या तुकड्यावरून नवे पीक येते. तो खोडवा. तीन शब्द, तीन निराळ्या जैविक घटना! इंग्रजी शब्दाने एकाच पोत्यात भरलेल्या गोष्टी मराठी शेतकऱ्याने निवडून वेगवेगळ्या ठेवल्या आहेत. वर्गीकरण हा विज्ञानाचा पाया आहे असे आपण शिकतो. मग याला वर्गीकरण नाही तर काय म्हणावे?

गंमत अशी, की तो ‘रॅटून’ शब्दही काही प्रयोगशाळेत जन्मलेला नाही. स्पॅनिश भाषेत ‘रेतोन्यो’ म्हणजे पुन्हा फुटलेला कोंब. कॅरिबियन बेटांवरील ऊसमळ्यांच्या काळात तो इंग्रजीत आला. त्या मळ्यांत लावणीसाठी खड्डे खणण्याचे अतिशय कष्टाचे काम गुलामांकडून करून घेतले जाई, आणि खोडव्यामुळे ती लावण टळे. अमेरिकेतील लुइझियानात खोडव्याला सरळ ‘खुंट’ या अर्थाचा शब्द वापरतात. आपल्या हिंदी भाषक शेजाऱ्यांकडे पेडी, कर्नाटकात कुळे. जिथे जिथे ऊस आहे तिथे तिथे शेतकऱ्याने या पिकाला स्वतंत्र नाव दिले, आणि शास्त्रज्ञांनी ते शेतावरूनच उचलले. असे असता स्पॅनिश शेतकऱ्याचा शब्द शास्त्रीय आणि वाळव्याच्या किंवा बारामतीच्या शेतकऱ्याचा शब्द मात्र गावठी, हा न्याय कोणता?

जमिनीखाली काय घडते?

ऊस हे गवताच्या कुळातील, म्हणजे ज्वारी, मका, भात यांच्याच कुळातील बहुवर्षायू पीक आहे. त्याचे कांडे हातात घेऊन पाहा. प्रत्येक पेराजवळ एक डोळा असतो आणि त्याच्याभोवती बारीक ठिपक्यांचा पट्टा असतो. ते ठिपके म्हणजे मुळांचे अंकुर. जमिनीखालील बुडख्यातही अशीच पेरे असतात, मात्र ती एकमेकांना अगदी चिकटून, दाटीने असतात. म्हणजे वीतभर बुडख्यात कित्येक डोळे वाट पाहत असतात.

ते वाट का पाहतात? ऊस उभा असताना त्याच्या शेंड्यात ऑक्झिन नावाचे संप्रेरक तयार होऊन खाली उतरत असते. त्याच्या प्रभावाने खालचे डोळे सुप्त राहतात. शेंड्याच्या या वर्चस्वामुळे ऊस सरळ वर वाढतो. कोयत्याचा घाव बसला की शेंडा गेला, खाली येणारा संप्रेरकाचा प्रवाह थांबला आणि दडपून राहिलेले डोळे जागे झाले. माळी झाडाची शेंडाखुडणी करतो तेव्हा झाड अंगाने फुटते. तेच तत्त्व इथे आहे.

नव्या कोंबाला सुरुवातीला अन्नपाणी पुरवितात ती बुडख्याची जुनी मुळे. पुढे प्रत्येक फुटवा स्वतःची मुळे सोडतो आणि जुनी मुळे हळूहळू कुजून जातात. लावणीच्या टिपरीला सगळेच नव्याने सुरू करावे लागते. खोडव्याला मात्र तयार मुळांचे भांडवल मिळालेले असते. म्हणून खोडवा लवकर उगवतो, लवकर पक्व होतो. जमिनीची पूर्वमशागत वाचते आणि बेणेही वाचते. लावणीला हेक्टरी सुमारे २५ हजार दोन डोळ्यांच्या टिपऱ्या लागतात हे ध्यानात घेतले, म्हणजे ही बचत लहान नाही हे कळेल.

खोडवा चांगला येणे हा गुण सर्व जातींत सारखा नसतो. जाड, गोड, रसाळ उसाच्या जुन्या जाती या बाबतीत अनेकदा कच्च्या ठरत. नदीकाठी आपोआप वाढणारे, शरद ऋतूत पांढऱ्या तुऱ्यांनी फुलणारे काश नावाचे रानटी गवत उसाचे भावंड आहे. त्यात साखर नाहीच म्हणावी इतकी थोडी, पण पुन्हा पुन्हा फुटण्याची चिवट ताकद आहे. कोइमतूर येथे १९१२ मध्ये ऊस पैदास केंद्र सुरू झाले. तेथे सी. ए. बार्बर आणि टी. एस. वेंकटरामन यांनी गोड उसाचा आणि या काशाचा संकर केला. त्यातून ‘को २०५’ ही जात निघाली आणि १९१८ मध्ये ती पंजाबात लागवडीसाठी गेली. साखर एका आईबापाची, चिवटपणा दुसऱ्याचा. आपल्याकडे सातारा जिल्ह्यातील पाडेगावचे ऊस संशोधन केंद्र १९३२ पासून काम करीत आहे. ‘को ७४०’ आणि पुढे ‘को ८६०३२’ या जाती महाराष्ट्रात दीर्घकाळ टिकल्या, त्यामागे त्यांचा खोडवा चांगला येतो हे एक मोठे कारण आहे. म्हणजे शेतकऱ्याचा ‘खोडवा’ हा शब्द संशोधकाच्या कसोटीचाही शब्द आहे.

शब्द फसवतात तेव्हा

इथवर शब्दाची बाजू मांडली. आता त्याच्याविरुद्धची तक्रार ऐकू.

पहिली तक्रार मोजणीची. काही ठिकाणी खोडवा म्हणजे केवळ लावणीनंतरचे पीक आणि त्यानंतरचा तो निडवा. काही जण मात्र लावणीनंतरच्या सर्व पिकांना खोडवाच म्हणतात आणि ‘पहिला खोडवा, दुसरा खोडवा’ असे मोजतात. आता ‘दुसरा खोडवा’ म्हणजे कितवे पीक? तिसरे! पण ऐकणाऱ्याला ते दुसरे वाटू शकते. एका शेतकऱ्याने ‘दुसऱ्या खोडव्याला अमुक टन मिळाले’ म्हटले आणि दुसऱ्याने त्याची तुलना आपल्या खोडव्याशी केली, तर ती तुलनाच चुकीची. उपाय सोपा आहे. नोंद करताना लावण, खोडवा, निडवा हे तीन शब्द त्यांच्या ठरावीक अर्थानेच वापरावेत आणि निडव्याच्याही पुढे गेल्यास सरळ ‘चौथे पीक’ असे लिहावे. शब्द बोलीतला असो वा ग्रंथातला, पारिभाषिक व्हायचे तर त्याने एकच अर्थ धरून ठेवला पाहिजे.

दुसरी तक्रार रोगाच्या नावाची. १९४४-४५ च्या सुमारास ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँडमध्ये खोडव्याची वाढ खुरटल्याचे आढळले. त्या रोगाला इंग्रजीत ‘रॅटून स्टंटिंग’, म्हणजे खोडवा खुंटवणारा रोग, असे नाव पडले. बराच काळ तो विषाणूमुळे होतो असे मानले जाई. १९७० च्या दशकात त्यामागे एक जिवाणू असल्याचे स्पष्ट झाले. नावावरून कोणासही वाटेल की हा खोडव्याचा रोग आहे. प्रत्यक्षात तो लावणीच्या उसातही असतो. रोगट बेण्यातून येतो आणि तोडणीच्या कोयत्याला लागलेल्या रसातून एका बुडख्याकडून दुसऱ्याकडे जातो. खोडव्यात त्याचा परिणाम अधिक ठळक दिसतो, एवढेच. म्हणजे दोष खोडव्याचा नव्हे, बेण्याचा. म्हणूनच उपायही लावणीच्या आधी करावयाचा असतो: बेणे ५० अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात दोन तास ठेवून मग त्याचा बेणेमळा वाढवायचा.

तिसरी तक्रार सर्वांत गंभीर आहे. ती शब्दाच्या अर्थाची नाही. त्याच्या सुराची आहे. ‘खोडवाच आहे, त्याला काय करायचे? पाणी सोडले की झाले,’ हे वाक्य तुम्ही बांधावर ऐकले असेल. लावणीला शेतकरी खत मोजून घालतो, तण काढतो, रोज फेरी मारतो. खोडव्याकडे मात्र फुकटात आलेले, उरलेसुरले पीक म्हणून पाहतो. ‘खोडवा’ हा शब्द कानावर पडताच मनात ‘कमी’ हा शब्द उमटतो. मग उत्पादन घटते आणि घटले की आपण म्हणतो, ‘खोडवा असाच असायचा!’ आपणच उपाशी ठेवायचे आणि आपणच अशक्त म्हणायचे, अशातली ही गत आहे.

महाराष्ट्रातील उसाच्या क्षेत्रापैकी एक तृतीयांशाहून अधिक क्षेत्र खोडव्याखाली असते. उत्पादनातील त्याचा वाटा मात्र त्या प्रमाणात नसतो. जुन्या बुडख्यांत काही अडचणी खरोखरच असतात हे नाकारून चालणार नाही. काही बुडखे मरून ओळीत नांग्या पडतात, जमीन घट्ट झालेली असते, जुने रोग साचलेले असतात. पण राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची शिफारस पाहा. सुरू उसाला हेक्टरी २५० किलो नत्र आणि ११५-११५ किलो स्फुरद व पालाश सांगितले आहे. खोडव्याला किती? तेवढेच! शास्त्राच्या हिशेबात खोडवा हे पूर्ण पीक आहे. अर्धे पीक आहे ते आपल्या मनात.

कोयता आणि पाचट

या गैरसमजाची किंमत दोन ठिकाणी स्पष्ट दिसते.

एक म्हणजे तोडणीत. ऊस जमिनीलगत तोडला, तर जमिनीखालच्या डोळ्यांतून जोमदार फुटवे येतात आणि त्यांची मुळे खोल जातात. चार-सहा बोटे उंच तोडला, तर वरचे डोळे आधी फुटतात. त्यांचे कोंब दिसायला लवकर दिसतात, पण त्यांच्या मुळांना माती नीट मिळत नाही. ते पुढे लोळतात किंवा वाळतात. शिवाय उसाच्या बुंध्याच्या पेरांत साखर अधिक असते, ती शेतातच राहते. हे सारे ठरते ते तोडणी कामगाराच्या मनगटावर. बीडसारख्या जिल्ह्यांतून आलेल्या नवरा-बायकोच्या जोडीला कारखान्याच्या हिशेबात ‘एक कोयता’ म्हणतात. माणसांना हत्याराचे नाव देणारी ही भाषा. तिच्याकडेही एकदा थांबून पाहावे असे मला वाटते. टनावर मजुरी मिळणाऱ्या, पहाटेपासून वाकून काम करणाऱ्या त्या दोघांच्या हातात पुढच्या वर्षीचे पीक असते, हे आपण त्यांना कधी सांगितले आहे काय? सांगितले, तर त्या जादा वाकण्याचे मोल देण्याची तयारी आपण ठेवली आहे काय?

दुसरे म्हणजे पाचट. ऊस तुटून गेल्यावर शेतात हेक्टरी आठ ते दहा टन वाळकी पाने पडलेली असतात. ‘खोडवाच तर आहे’ म्हणून ती पेटवून देण्याची रीत अजून पुरती गेलेली नाही. थोडा हिशेब करू. पाचटात सुमारे अर्धा टक्का नत्र धरले, तर दहा टनांत ते पन्नास किलो होते. आग लागली की त्यातले बहुतेक हवेत जाते. सेंद्रिय कर्ब जातो, मातीच्या वरच्या थरातील जीवजंतू होरपळतात, आणि ज्या डोळ्यांवर खोडवा अवलंबून आहे त्यांनाच झळ बसते. घरातले बी भाजून मग ते पेरण्यासारखे हे आहे!

तेच पाचट सरीत ठेवले, तर ओल टिकते, तण दबते आणि वर्षभरात त्याचे खत होते. मात्र इथे एक गोम आहे, आणि ती समजली की रसायन व जीवशास्त्र यांची सांगड कशी असते ते कळते. पाचटात कर्ब पुष्कळ, नत्र थोडे. ते कुजवणाऱ्या सूक्ष्म जीवांना स्वतःच्या वाढीसाठी नत्र लागते. ते पाचटात मिळाले नाही तर मातीतून घेतात. मग पीक पिवळे पडते आणि शेतकरी म्हणतो, ‘पाचटाने घात केला.’ म्हणून पाचटावर हेक्टरी ८० किलो युरिया, १०० किलो सुपर फॉस्फेट आणि १० किलो पाचट कुजवणारे जिवाणू खत टाकण्याची शिफारस आहे. आणि पिकाचे खत पाचटाच्या थरावर न फेकता पहारीने बुडख्यालगत छिद्रे घेऊन मुळाशी द्यावयाचे. पहारीसारखे साधे अवजार, पण त्यामागचा विचार पक्का आहे: खत जिथे मूळ आहे तिथेच.

याचा अर्थ खोडवा कितीही वर्षे ठेवावा असा नाही. ब्राझीलमध्ये एका लावणीपासून साधारण पाच तोडी घेतात. तिथली हवा, जमीन, जाती आणि शेतीची रीत वेगळी आहे. आपल्याकडे लावणीचा ऊस विरळ किंवा रोगट असेल, तर त्याचा खोडवा न ठेवणेच शहाणपणाचे. फेब्रुवारीच्या मध्यानंतर तुटलेल्या उसाचा खोडवाही ठेवू नये असे सांगितले जाते, कारण कोवळे फुटवे ऐन उन्हाळ्यात सापडतात. फरदडीच्या बाबतीत तर कृषी खाते स्पष्टपणे नको म्हणते, कारण शेतात उभी राहिलेली कपाशी गुलाबी बोंडअळीला पुढच्या हंगामापर्यंत आसरा देते. ठेवावे की मोडावे, हे प्रत्येक वेळी पाहून ठरवावयाचे. माझे म्हणणे इतकेच, की ठेवले तर पीक म्हणून ठेवा.

शिक्षकांना आणि तुम्हालाही

आता शिक्षकांना एक विनंती. परिभाषा एकसारखी असली पाहिजे, नाहीतर नाशिकच्या मुलाचे उत्तर चंद्रपूरच्या परीक्षकाला कळणार नाही, हा आक्षेप मला मान्य आहे. म्हणून बोलीतला प्रत्येक शब्द जसाच्या तसा स्वीकारावा असे मी म्हणत नाही. पण ज्या शब्दाला निश्चित अर्थ आहे, जो संशोधन केंद्राच्या पत्रकात आणि विद्यापीठाच्या शिफारशीत छापला जातो, त्याला वर्गात मज्जाव का असावा? ‘खोडवा’ लिहिणाऱ्या मुलाला ‘म्हणजे काय, ते एका वाक्यात सांग’ असे विचारा. त्याने सांगितले तर पूर्ण गुण द्या. नुसता शब्द फेकून अर्थ सांगता आला नाही, तर गुण कापा. हीच कसोटी ‘प्रकाशसंश्लेषण’ या शब्दालाही लावा, म्हणजे न्याय सारखा होईल!

आणि विद्यार्थी मित्रहो, तुम्ही माझ्या शब्दावर विसंबू नका. एक साधा प्रयोग करा. सहा डोळ्यांचा उसाचा एक तुकडा अखंड ठेवा. तशाच दुसऱ्या तुकड्याच्या एकेका डोळ्याच्या सहा टिपऱ्या करा. दोन्ही ओलसर मातीत आडवे पुरा आणि कोणते डोळे किती दिवसांत फुटतात ते मांडून ठेवा. अखंड तुकड्यात शेंड्याकडचे डोळे पुढे आणि बुंध्याकडचे मागे, असे दिसते का पाहा. ऊस मिळत नसेल तर शाळेच्या बागेतील गवती चहाची दोन ठोंबे निवडा. एक जमिनीलगत कापा, दुसरे चार बोटे उंच. आणि दर आठवड्याला नवी पाने मोजा. मग घरी आजोबांना किंवा शेजारच्या शेतकऱ्याला विचारा: आपल्याकडे खोडवा कशाला म्हणतात, निडवा कशाला, आणि यांच्यापुढे आणखी काही शब्द आहे का? मिळालेला प्रत्येक शब्द, तो सांगणाऱ्याचे गाव आणि त्याने दिलेला अर्थ वहीत लिहा. एका वर्गाने तीस गावांचे शब्द जमवले, तरी ते लहानसे संशोधनच होईल.

तो नववीतला मुलगा आता मोठा झाला असेल. कदाचित तो शेती करीत असेल, कदाचित शहरात नोकरी. आपल्या घरातला शब्द शाळेत चालत नाही, हा धडा त्याने त्या अर्ध्या गुणाबरोबर घेतला असेल, तर नुकसान अर्ध्या गुणापेक्षा फार मोठे झाले. शेंडा तुटला तरी जमिनीखाली डोळे शाबूत असतील तर पीक पुन्हा उभे राहते. ही गोष्ट त्या मुलाला पुस्तकाआधी ठाऊक होती. आपण निदान तिच्याखाली लाल रेघ तरी ओढू नये.